खाण तशी माती? बापाचा राग पोरात रक्तातून येतो का घरातून

काळी_माती (धागाकर्ता), रविवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वाचतो लई दिवसांपासून पण धागा पहिल्यांदाच काढायलोय. मोबाईलवर टायपायलोय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी अंबाजोगाईकडचा. बियाणं-खताचं दुकान हाय, म्हणजे जून-जुलैत जेवायला वेळ नाही आन बाकी वर्षभर उधारी वसूल करत फिरायचं. दोन पोरं, थोरला नऊचा, धाकटा सहाचा. परवा दुपारी आभाळ भरून आलं, थोरल्याला म्हणालो बाहेरच्या थैल्यांवर ताडपत्री ओढ, मी आलोच. आलो तर साहेब मांजराच्या पिलाशी खेळत बसलेले आन सोयाबीनच्या चार थैल्या चिंब. डोकं सणकलं. हात उगारला. मारला नाही, खरंच नाही मारला, पण त्यानं डावं कोपर कानावर घेतलं आन डोळे गच्च मिटले.

ते कोपर मी ओळखलं. माझंच होतं ते. माझा बाप अंगावर आला की मी अगदी तस्संच करायचो, त्याच बाजूनं, आन ह्या पोरानं मला तसं करताना कधी बघितलेलं नाही. धाकटा बाजूलाच उभा, तो ढिम्म, वर "पप्पा तापले" म्हणून हसायला लागला.

रात्री बायको म्हणाली तुमच्या घराण्याचं रक्तच गरम, तुमच्या बापाचं तुमच्यात आलं, तुमचं ह्याच्यात उतरायलंय. आई आतून म्हणाली खाण तशी माती. ह्या दोघींचं कधी कशावर एकमत होत नाही, ह्याच्यावर झालं.

तर विचारायचं हे की हे खरंच रक्तात असतं का? जीन्स का काय म्हणतात ते. असेल तर मी कितीबी ठरवून काय उपयोग? आन नसेल तर एकाच घरातली, एकाच बापाची दोन पोरं, एक एवढा भित्रा आन एक एवढा निगरगट्ट कसा?

---

नाना_धाराशिवकर, रविवार रात्री ११:४१

एवढ्याशावर धागा? आमच्या वडिलांनी आम्हाला बैलाच्या कासऱ्यानं फोडून काढलंय, शाळेत गुरुजींनी वेगळं. काय वाकडं झालं? नोकरी केली, घर बांधलं, दोन्ही पोरांना इंजिनिअर केलं. आता डोळे वटारले तरी पोराच्या मनावर आघात म्हणे. चार थैल्या भिजवल्यावर ओरडायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

---

परळीची_लेक, सोमवार सकाळी ६:०५

नाना, तुमचं प्रत्येक धाग्यावर एकच टेप. ते ओरडले म्हणून धागा काढला नाही हो त्यांनी, लेकरू घाबरलं म्हणून काढला. फरक हाय.

काळी_माती दादा, ड्युटीवरून आत्ता सुटायलेय, सविस्तर नंतर लिहिते.

---

जीवशास्त्र_सर, सोमवार सकाळी ८:३०

नांदेडला ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, त्यामुळे सवयीनं लांबण लागेल.

दादा, आधी त्या कोपराचं. अंगावर काही येताना हात डोक्याकडं जाणं आणि डोळे मिटणं ही कुठल्याही माणसाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तुमच्या घराण्याची खासियत नाही. माझ्या अंगावर धावून आलात तर मीही तेच करीन. मात्र *कितपत* लवकर घाबरायचं आणि घाबरल्यावर शांत व्हायला किती वेळ लागायचा, ह्यात माणसामाणसात फरक असतो आणि तिथं तुमचा प्रश्न खरा आहे.

आता रक्ताचं. २०१५ साली जुळ्या भावंडांवर पन्नासेक वर्षांत झालेले जवळपास सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, १ कोटी ४५ लाखांच्या आसपास जुळ्यांच्या जोड्या, आणि हजारो गुणधर्मांची सरासरी काढल्यावर आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के निघाला. लोक हे ऐकून म्हणतात, म्हणजे माझा निम्मा राग बापाचा. तसा अर्थ नाही त्याचा! तो आकडा *माणसामाणसातल्या फरकाचा* आहे, एका माणसाच्या आतला नाही.

तुमच्या धंद्यातलंच घ्या. सरमिसळ बियाणाचं एक पोतं, अर्धं गोदाकाठच्या काळ्या रानात पेरलं, अर्धं बालाघाटच्या मुरमाड माळावर. काळ्या रानात एक झाड उंच, एक बुटकं, तर जमीन-पाणी सारखंच असल्यामुळं तो फरक बियाणाचा. पण ते सगळं रान आणि तो सगळा माळ ह्यांच्यात जो फरक दिसेल तो मातीचा. बियाणं एकाच पोत्यातलं, आणि "उंची बियाणावर का मातीवर" ह्याला दोन ठिकाणी दोन उत्तरं. रिचर्ड लेवॉन्टिन नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० साली असंच उदाहरण दिलं होतं, त्यामुळं श्रेय माझं नाही.

---

काळी_माती, सोमवार सकाळी ९:१२

सर, समजलं. पण थैलीत सरमिसळ निघाली तर गिऱ्हाईक मला कासऱ्यानं फोडून काढील, नानांच्या वडलांसारखं. हाहा.

मग दोन पोरांचं?

---

जीवशास्त्र_सर, सोमवार दुपारी १:१५

डबा खाता खाता लिहितो. सख्खी भावंडं म्हणजे सरासरी निम्मी जीन्स सारखी, निम्मी वेगळी. शिवाय घर एक असलं तरी दोघांच्या वाट्याला एकच घर आलेलं नसतं. थोरला झाला तेव्हा तुमचं दुकान नवीन असेल, कर्ज असेल, धाकट्याच्या वेळी घडी बसली असेल. हा माझा अंदाज, चूक असेल तर सांगा.

आता माझा आवडता प्रयोग. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्या बघितल्या. काही माद्या पिलांना सारखं चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिलं मोठेपणी ताण आला तरी लवकर सावरतात, कमी चाटलेली बिथरलेली राहतात. तुमच्या आई म्हणतील खाण तशी माती. म्हणून त्यांनी जन्मल्या जन्मल्या पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणारीचं पिलू जास्त चाटणारीच्या कुशीत. ते पिलू शांत निघालं, आणि ती मादी असेल तर पुढं स्वतःच्या पिलांनाही भरपूर चाटायला लागली. रक्त एकीचं, वळण दुसरीचं, आणि ते वळण तिसऱ्या पिढीत. हे १९९९ मध्ये छापून आलं.

पण खरी मजा २००४ च्या कामात आहे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल सुटतं (उंदरात त्याचा भाऊबंद कॉर्टिकोस्टेरॉन). मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात त्याला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, ते "बास झालं आता" असा निरोप धाडतात आणि ताण उतरतो. हे ग्राहक बनवणारं जीन सगळ्याच पिलांकडं असतं. कमी चाटलेल्या पिलांत मात्र त्या जीनच्या बटणापाशी मिथाइल नावाचे रासायनिक चिमटे जास्त बसलेले सापडले. तुमच्या खातेवहीचं पान तेच, अक्षरं तीच, फक्त पानाला टाचणी मारून ठेवलेली. ग्राहक कमी, म्हणून ब्रेक ढिला. म्हणजे माय चाटते ते नुसतं लाड नाहीत, ती पिलाची जीन्स कशी वाचली जातील ते ठरवायली.

मग रक्त का घर? तुम्हीच सांगा, हा चिमटा कशात धरायचा?

---

नाना_धाराशिवकर, सोमवार दुपारी २:०२

सर, उंदराचं माणसाला लावू नका. उद्या म्हणाल पोराला चाटा.

---

जीवशास्त्र_सर, सोमवार दुपारी २:१०

नाना, हा आक्षेप शंभर टक्के बरोबर. माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जिवंतपणी डोकावता येत नाही, रक्त नाहीतर लाळ तपासून अंदाज बांधावा लागतो, त्यामुळं माणसातले असले अभ्यास बरेच लुळे आहेत. तुम्हाला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर जागा देतो.

---

परळीची_लेक, सोमवार रात्री १०:४८

आता निवांत झाले. सरांचं ते चाटण्याचं वाचलं आन दिवसभर डोक्यात तेच फिरायलंय.

माझे मायबाप ऊसतोड. आमच्याकडं दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं, मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रकमधी भांडीकुंडी टाकून सांगली कोल्हापूर नाहीतर कर्नाटक. पाडव्याच्या आसपास परत. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून मला शाळेसाठी आज्जीपाशी ठेवलं, भाऊ अंगावर पिता म्हणून तो त्यांच्यासंगं फडात. आता बघा, कोणाचं लहानपण कठीण? तो कोपीत राहिला, थंडीत पहाटे तीनला माय गाडी भरायला गेली की उसाच्या पाचटावर गोधडीत पडून राहायचा. मी पक्क्या घरात, आज्जीच्या कुशीत, रोज ऊन ऊन भाकर. आन आज तो शांत. कोणी काहीबी बोलू दे, हसतो. मी चिडकी, झोप हलकी, नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला की छाती धडधडते. पाडव्याला माय यायची तर दोन दिवस मी तिच्या जवळबी जायची नाही, आन तिसऱ्या दिवसापासून रात्री उठून उठून तिच्या पदराला हात लावून बघायची, हाय का गेली म्हणून.

आता हे माझ्या रक्तात होतं का त्या पदरात? भाऊ जन्मापासूनच थंड होता, आज्जी म्हणायची हे लेकरू रडतच नाही. तर त्याचं थोडं उपजत असंलच. पण त्याला माय दिसत होती. कोपी का असंना.

एक गोष्ट मात्र मला सरांच्या पोस्टमधी टोचली, राग मानू नका सर. "माय चाटते", "माय ठरवते". मी प्रसूती वॉर्डात काम करते. बाळ रडायलंय आन आई भिंतीकडं तोंड करून पडलीय असं दिसलं की सासू, नणंद, कधी आमच्यातल्याच सिस्टरबी म्हणतात, कशी माय हाय ही. ती तिसऱ्या खेपेची असते, हिमोग्लोबिन सात, सव्वा महिन्यात परत रानात जायचंय. तिला कोण चाटणार? माझ्या मायला लेकराजवळ बसायचं नव्हतं असं नाही, उचल फिटत नव्हती.

---

जीवशास्त्र_सर, सोमवार रात्री ११:२०

ताई, राग कसला, कान पकडले. आणि तुम्ही जे म्हणता तेही तपासलं गेलंय, मीच सांगायचं राहिलं. २००६ मध्ये त्याच गटानं भरपूर चाटणाऱ्या गाभण माद्यांना मुद्दाम ताण दिला. व्याल्यावर त्याच माद्या कमी चाटायला लागल्या, जातीनं कमी चाटणाऱ्यांइतकं कमी. म्हणजे "वाईट माय" अशी वेगळी जात असतेच असं नाही, ताणाखाली चांगलीच माय तशी दिसायला लागते.

---

पुण्यात_अडकलेली, मंगळवार सकाळी ७:५०

मूळची जालन्याची, सध्या पुण्यात, जुळ्या मुली, चार वर्षांच्या, दिसायलासुद्धा वेगळ्या. सगळे आईबापाकडून पोराकडे काय जातं तेच बोलताय म्हणून उलटं सांगते. एक पहिल्या दिवसापासून किंचाळायची, मिक्सर लावला तरी, कपड्याचं लेबल टोचलं तरी. दुसरी झोपाळू. मी तेव्हा नवीन आई, दोघींना सारखंच वागवायचं ठरवलेलं. सहा महिन्यांत मी एकीची लाडकी आई आणि दुसरीवर वसकन ओरडणारी आई झाले होते. सासूबाई म्हणाल्या तू भेदभाव करतेस. खरंय, करत होते, पण त्या भेदभावात माझा वाटा निम्माच होता, बाकी निम्मा ती किंचाळी माझ्याकडून करवून घेत होती. आणि मग मी ओरडते म्हणून ती अजून किंचाळते. कोणी सुरू केलं ते आता शोधून सापडणार नाही.

---

मनमोकळं, मंगळवार सकाळी ११:०५

छत्रपती संभाजीनगरला समुपदेशन करते. ताईंनी फार महत्त्वाच्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मुलाच्या जन्मजात स्वभावामुळे पालक कसे वागतात ते बदलतं, हे जुळ्यांच्या अभ्यासात वारंवार दिसलंय. आणि उलट्या बाजूनं गंमत म्हणजे आईबापांची जी जीन्स मुलात *आलीच नाहीत*, त्यांचाही मुलावर परिणाम होतो. २०१८ चं आइसलँडमधलं काम आहे, त्यात शिक्षण किती झालं ते मोजलं होतं. मुलाकडे न आलेल्या जीन्सचा परिणाम आलेल्यांच्या साधारण ३० टक्के निघाला. कसा? ती जीन्स आईबापाला घडवतात, आईबाप घर घडवतात, आणि घर मुलाला. म्हणून "रक्त का घर" हा प्रश्न मी आता क्लायंटला उलटा विचारते: तुमच्या घरात कोणाचं रक्त आहे?

धागाकर्त्यांना एक धोक्याची सूचना. "ताणाचं जीन", "रागाचं जीन" असं कोणी विकायला आलं तर दार लावून घ्या. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरातला अभ्यास गाजला. १९७२-७३ मध्ये जन्मलेली हजारावर मुलं, त्यांना जन्मापासून तपासत आलेत. सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जीनचा आखूड प्रकार असेल आणि आयुष्यात फटके बसले तर नैराश्य जास्त, असं त्यात निघालं. आम्हाला कॉलेजला हे वेदवाक्यासारखं शिकवलं. २००९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र केले तर तो परिणाम दिसेना, आणि २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीत असल्या १८ प्रसिद्ध जीन्सची तपासणी झाली तर एकही टिकलं नाही. फटक्यांचा परिणाम मात्र दोन्ही वेळी ठामपणे टिकला. जीन्सचा वाटा खोटा नाही, पण तो हजारो जीन्समध्ये चिमूट चिमूट वाटलेला आहे.

---

लातूर_पॅटर्न, मंगळवार दुपारी १२:३०

मॅडम मग ते बोटांचे ठसे घेऊन पोराचा स्वभाव आणि करिअर सांगतात ते? आमच्या क्लासवाल्यानं कॅम्प ठेवलाय, चार हजार.

---

मनमोकळं, मंगळवार दुपारी १२:३४

त्याला शास्त्रीय आधार नाही. चार हजारात पोराला पोहायला घाला.

---

काळी_माती, मंगळवार दुपारी ३:१५

आमच्या मेव्हण्यानं पैसे भरलेत कालच. आता त्याला कोण सांगणार.

मॅडम, भित्र्या पोराचं मग आयुष्यभर असंच?

---

मनमोकळं, मंगळवार सायंकाळी ६:२०

बिलकुल नाही. आणि "भित्रा" म्हणू नका, निदान त्याच्यासमोर. थॉमस बॉइस नावाचे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी काही मुलांना ऑर्किड म्हटलं, म्हणजे फार जपावं लागणारं फूल, आणि काहींना डॅन्डेलियन, म्हणजे कुठंही उगवणारं एक गवतफूल. गवतफूलवाली मुलं कशाही घरात बऱ्यापैकी वाढतात. ऑर्किडवाली वाईट घरात जास्त कोमेजतात, पण चांगल्या घरात इतरांपेक्षाही फुलतात. जी गोष्ट त्यांना लवकर दुखावते तीच त्यांना लवकर जोपासते. अर्थात ही दोन टोकं झाली, बरीच मुलं मध्ये कुठेतरी असतात.

---

पुण्यात_अडकलेली, मंगळवार सायंकाळी ६:४५

ऑर्किड कोणी बघितलंय आपल्याकडे. माझ्या वडिलांची मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून घालून शेवटी जळाली, आणि बांधावरची बाभूळ जशीच्या तशी. पण पाणी होतं त्या वर्षी बाभळीला काय लागलं? काटे. माझी किंचाळणारी मोसंबी आहे असं आता सासूबाईंना सांगणार.

---

परळीची_लेक, मंगळवार सायंकाळी ७:०२

बाभळीला शेंगा लागतात ओ ताई, शेळ्या खातात. बाभळीला नावं ठेवू नका, माझा भाऊ हाय ती.

---

सास्तूरकडचा, मंगळवार रात्री १२:१०

झोप नाही म्हणून लिहायलोय. मी जानेवारी ९४ चा. म्हणजे ३० सप्टेंबर ९३ ला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली तेव्हा मी मायच्या पोटात सहाव्या महिन्यात. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या रात्रीत. मायचा एक भाऊ, तिची सासू आन माझी दोन वर्षांची थोरली बहीण गेली. माय माळवदाच्या कोपऱ्यात अडकली, दुपारी काढली.

माय अजून स्लॅबखाली झोपत नाही. पुनर्वसनात घर मिळालं तरी पावसाळ्यातबी पत्र्याच्या शेडमधी. मी बत्तिशीचा, हैदराबादला नोकरी, खालून ट्रक गेला आन खिडकी थरथरली की मी दारात उभा असतो, उठलो कधी ते कळत नाही. मी तर भूकंप बघितलाबी नाही. बायको पोटुशी हाय. मला एवढंच पाहिजे की हे तिसऱ्याकडं जाऊ नये.

---

मनमोकळं, बुधवार सकाळी ८:००

दादा, तुमची पोस्ट सकाळी वाचली, थोडा वेळ काही लिहवेना.

पोटात असतानाच्या आघाताची खूण राहू शकते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, भयंकर उपासमार झाली. गर्भ राहिला त्या सुमारास आई उपाशी होती अशा लोकांची साठेक वर्षांनी तपासणी केली, तर आयजीएफ-२ नावाच्या जीनवरचे ते मिथाइल चिमटे त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले. पण ती उपासमार होती, आणि ते गटाचं चित्र आहे, त्यावरून तुमच्या दाराकडं धावण्याचं कारण कोणी सांगू शकणार नाही. शिवाय तुम्ही भूकंप पाहिला नाहीत हे पूर्ण खरं नाही. तुम्ही तो रोज पाहिलात, मायच्या चेहऱ्यावर. भांडं पडलं की ती कशी दचकते ते बघत तुम्ही मोठे झालात. पोटातलं किती आणि अंगणातलं किती, हे वेगळं काढायला जाऊ नका.

तिसऱ्याचं. रोमानियात १९८९ नंतर अनाथालयांची अवस्था जगासमोर आली. पुढं बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर अभ्यास झाला, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक कुटुंबात दिलं. अनाथालयातच राहिलेल्यांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा बधिर झालेली, आणि दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांची इतर मुलांसारखी. नंतर गेलेल्यांनाही बऱ्याच बाबतीत फायदा झाला, पण लवकर तितकं बरं. म्हणजे येणाऱ्या बाळासाठी तुमचं घर हे औषधच आहे.

आणि तुमच्या स्वतःच्या झोपेचा इलाज करा, तो बाळाचाच इलाज समजा. २००६ चा अमेरिकेतला एक अभ्यास मी सगळ्यांना सांगत असते: नैराश्य असलेल्या आयांवर उपचार केले, मुलांना कोणी हातही लावला नाही, आणि ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांचे त्रास तीन महिन्यांत कमी झाले. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही हैदराबादला आहात, तिथूनही लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथंही जाता येतं.

---

परळीची_लेक, बुधवार सकाळी ९:४०

सास्तूरच्या दादा, बायकोला सांगितलंय का तुम्ही हे? दाराकडं का पळता ते? नसेल तर आधी तिला सांगा. बाकी नंतर.

---

सास्तूरकडचा, बुधवार सकाळी १०:०२

नाही सांगितलं. तिला वाटतं मला चोराची भीती.

---

काळी_माती, गुरुवार रात्री १०:३०

चार दिवसांत तुम्ही लोकांनी डोक्याचा भुगा केला. आता माझं ऐका.

सरांनी विचारलं होतं थोरल्याच्या वेळी कर्ज होतं का. होतं, आन साधं नव्हतं. तो झाला २०१६ च्या मार्चमधी. त्याच्या पुढच्या महिन्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आमच्याकडंबी तीच गत. दोन वर्षं पीक नाही, म्हणजे माझी उधारी दोन वर्षं शेतकऱ्याकडं अडकलेली, कंपनीचा माणूस दारात. बायको बाळंतपणाला माहेरी होती, तिथं टँकर आठ दिवसाला, बाळंतिणीला पाणी पुरवून पुरवून वापरायला लागायचं. पोराला घरी आणल्यावर मी त्याला रात्री घेतलेलं मला आठवतच नाही. धाकटा झाला तेव्हा पावसं बरी होती, मी दुकानात पाळणा बांधला होता त्याचा.

मग काल काय केलं, जुन्या वह्या काढल्या. उधारीच्या. आन बायकोला विचारलं, मी पोरावर कधी कधी लई चिडलो ते तुझ्या ध्यानात हाय का? बायकांना तारखा पाठ असतात. तिनं सांगितलं, मी वहीत बघितलं. दुबार पेरणीचा जुलै. सोयाबीनचा भाव पडला तो महिना. परवाच्या थैल्या. ज्या महिन्यात येणं जास्त त्या महिन्यात घरात आवाज जास्त. एकदोन सोडले तर सगळे जुळले. आता रक्ताला काय माहीत जुलै कोणता ते?

आईपाशी बसलो. म्हणालो बाबा कायम तसेच होते का? ती म्हणाली तुझा बाप चिडका, ते खरं, पण त्याचा बाप गाईसारखा गरीब होता. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत. बैल विकले, खडी फोडायला गेले, मिलोच्या भाकरी आन सुकडीवर दिवस काढले, आन तिथून त्याचा हात उठायला लागला. तुझा बाप तव्हा दहा-बारा वर्षांचा होता. मी म्हणालो मग खाण तशी माती कशाला म्हणालीस? तर म्हणते, म्हणायची पद्धत हाय.

त्यामुळं मी काय लगेच साधू झालो नाही. सर म्हणतात ती बियाणातली गोष्टबी असंल, तेवढ्याच उधारीत आमचा शेजारी हसत बसतो, मी नाही बसू शकत. पण एक ठरवलंय. येणं एका आकड्याच्या पुढं गेलं की त्या दिवशी मी दुकानातून थेट घरी जायचं नाही, अर्धा तास मुकुंदराजाच्या समाधीकडं डोंगरात चक्कर मारून मग घरी. बायको म्हणाली अर्धा तास कमी पडंल, एक तास जा.

थोरल्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला मांजर ठेवू का?

---

जीवशास्त्र_सर, गुरुवार रात्री १०:५५

ठेवा मांजर. उंदरांवर एवढं बोलल्यावर मांजर पाहिजेच.

वहीची आयडिया जबरदस्त आहे, मुलांना वर्गात सांगणार, नाव न घेता.

---

पुण्यात_अडकलेली, शुक्रवार सकाळी ७:३०

माझी उधारी नाही, अप्रेझल आहे. तारखा जुळवून बघते.

---

सास्तूरकडचा, शुक्रवार दुपारी १:२०

सांगितलं बायकोला. काही बोलली नाही, पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावला.

---

नाना_धाराशिवकर, शनिवार पहाटे ३:४८

मनमोकळं ताई, तो १४४१६ नंबर ह्या वेळेला पण चालू असतो का?

---

मनमोकळं, शनिवार सकाळी ६:१०

हो नाना. चोवीस तास.